मेंटेनन्स पाचशे रुपयांनी वाढवायचा का?

गेल्या सप्टेंबरमध्ये आमच्या सोसायटीची एजीएम, म्हणजे वार्षिक सभा, झाली. क्लब हाऊसमध्ये मंडपवाल्याच्या लाल खुर्च्या, वडे, चहा, आणि अजेंड्यावर अकरा विषय. चौथा विषय होता महिन्याचा मेंटेनन्स २,८०० वरून ३,३०० करायचा का. पावणेदोन तास त्यावरच गेले आणि शेवटी काय ठरलं तर पुढच्या मीटिंगमध्ये बघू. मधे एक काका उठले आणि म्हणाले की शेजारच्या सोसायटीत २,२०० मध्ये सगळं होतं, मग आपल्याकडेच का होत नाही. ही शेजारची सोसायटी मी गेली सहा वर्षं शोधतोय. प्रत्येक एजीएममध्ये तिचं नाव निघतं पण पत्ता कोणी देत नाही.

मी सोसायटीचा खजिनदार आहे, म्हणजे कोणीच उभं राहिलं नाही म्हणून झालो. पण पोटापाण्याचा धंदाही माझा हाच आहे. हिंजवडीत एका कंपनीच्या बिल्डिंगचं फॅसिलिटी मॅनेजमेंट बघतो, एसी, जनरेटर, हाऊसकीपिंग, सिक्युरिटी, कँटीन, सगळं, १९ वर्षं झाली. त्यामुळे दिवसा एक बिल्डिंग सांभाळायची आणि संध्याकाळी दुसरी, आणि दोन्हीकडे एजन्स्या बऱ्याचदा त्याच, माणसं तीच, मशिनं त्याच जातीची. तरी एक बिल्डिंग चालते आणि दुसरी रडतखडत चालते. हे का, याचं माझं उत्तर सरळ आहे. आपण राहत्या घराच्या बाबतीत सर्वात कमी रेट देणाऱ्याला काम देतो आणि तो रेट कमी कसा झाला हे विचारत नाही. सगळे आजार तिथून सुरू होतात असं माझं मत आहे, आणि फॅसिलिटी मॅनेजमेंटमध्ये स्मार्ट, डिजिटल, इंटिग्रेटेड म्हणून जे काही येतंय ते या दुखण्यावर फारतर वरून पावडर लावतं.

आधी गार्डचंच घ्या. गणित ढोबळ आहे पण करून बघा. गार्डला १०० रुपये पगार द्यायचा असेल तर त्यावर मालकाच्या बाजूचा पीएफ १३ रुपये, ईएसआय म्हणजे कामगार विमा सव्वातीन, बोनस ८.३३ टक्क्याने आठ रुपये तेहेतीस पैसे. आठवड्याला एक सुट्टी म्हणजे त्या दिवशी दुसरा माणूस उभा करावा लागतो, त्याचे सहाला एक या हिशोबाने साधारण पावणेसतरा. बेरीज गेली १४१ वर. यात युनिफॉर्म नाही, भरपगारी रजा नाही, एजन्सीचा स्वतःचा एक रुपया नाही. आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १६६. पगार शंभर द्यायचा असेल तर बिल १६६ च्या खाली येऊच शकत नाही, आणि शंभर म्हणजे सरकारने ठरवलेलं किमान वेतन असं धरलं तर त्याखालीही जाता येत नाही. मग आमच्याकडे तीन कोटेशन आली, त्यात एक बाकीच्या दोघांपेक्षा २२ टक्क्यांनी कमी होतं आणि कमिटीत सगळे खूश. मी म्हटलं अहो हे २२ टक्के आले कुठून? त्याने काही जादू केलेली नाही, पीएफ पूर्ण भरणार नाही, सुट्टी देणार नाही, आठ तासांच्या पगारात बारा तास उभा करणार. उत्तर आलं, ते त्याचं तो बघेल, आपल्याला काय करायचंय.

आपल्याला काय करायचंय ते रात्री अडीचला कळतं. आमचा एक गार्ड खुर्चीत झोपलेला सापडला, कोणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली पन्नास रागावलेले इमोजी. मी सकाळी त्याच्याशी बोललो. लातूरकडचा मुलगा, विशीतला, दिवसा सात ते सात समोरच्या सोसायटीत ड्युटी आणि रात्री सात ते सात आमच्याकडे. दोन्ही ठिकाणी एजन्सी तीच, एकाच माणसाला दोन बिलांवर दाखवलेलं. त्याच्या खात्यात आमच्याकडून ११,५०० जमा होत होते आणि आम्ही एजन्सीला माणशी १८,००० देत होतो. पीएफचा नंबर विचारला तर म्हणाला कापतात साहेब, नंबर माहीत नाही. मग झोपला तर काय चूक केली त्याने? मी असतो तर मी पण झोपलो असतो.

हिंजवडीत असं होत नाही, कंपनी फार दयाळू आहे म्हणून नव्हे. तिथे मागच्या महिन्याचं पीएफ-ईएसआयचं चलन, नावानिशी यादीसकट, आल्याशिवाय अकाउंट्सवाले एजन्सीचं बिल हातात घेत नाहीत, कारण कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो मुख्य मालकाला, म्हणजे काम देणाऱ्या कंपनीला, द्यावा लागतो. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात ही तरतूद होती, नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड लागू झाले तरी ते तत्त्व राहिलंय. म्हणजे भीती आहे म्हणून शिस्त आहे. आणि त्याच कंपनीतला मॅनेजर घरी आला की सोसायटीच्या ग्रुपवर लिहितो, सिक्युरिटीवर इतका खर्च कशाला, निम्मे गार्ड कमी करा आणि कॅमेरे लावा. गंमत म्हणजे हे लिहिणारा दिवसा माझ्याकडून कंप्लायन्सच्या फाईली मागून घेतो.

आता मशिनांचं. सोसायटी म्हणजे बाग आणि गणपतीचा मंडप एवढंच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतं. आमच्याकडे तीन बिल्डिंगा, बारा-बारा मजले, २१६ फ्लॅट. खाली बेसमेंटमध्ये जाऊन बघा. सहा लिफ्ट, दोन जनरेटर, फायरचे तीन पंप, पाण्याचे सात, एसटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, सोलर, ट्रान्सफॉर्मरशेजारचं पॅनल. हा एक छोटा कारखाना आहे आणि तो चालवतंय कोण तर नोकरी करून आलेली अकरा माणसं, बिनपगारी, दर पाच वर्षांनी बदलणारी, त्यातल्या निम्म्यांनी पंप रूम पाहिलेली नाही. राज्यात अशा एक लाखाहून जास्त हाऊसिंग सोसायट्या आहेत. सहकार कायद्यात २०१९ मध्ये या सोसायट्यांसाठी वेगळं प्रकरण घातलं ते बरं झालं, पण त्यातही सगळा जोर निवडणूक, हिशोब, थकबाकी यांच्यावर. हिशोबाचं ऑडिट दरवर्षी सक्तीचं, पाच हजाराचं व्हाउचर सापडलं नाही तर ऑडिटर लाल शेरा मारतो. फायर पंप सुरू होत नाही यावर शेरा मारणारा कोण?

आमच्या फायर पंपाची गोष्ट सांगतोच. पाईपमध्ये प्रेशर कायम राहावं म्हणून एक छोटा जॉकी पंप असतो, प्रेशर थोडं उतरलं की तो आपोआप चालू होतो, जास्त उतरलं तर मोठा पंप धावतो. आमच्या लाईनला सातव्या मजल्यावर कुठेतरी गळती होती, त्यामुळे जॉकी दर दहा मिनिटांनी घुर्र करून चालू व्हायचा. खालच्या मजल्यावरच्या लोकांनी आवाजाची तक्रार केली. इलेक्ट्रिशियनने काय केलं, स्विच ऑटोवरून मॅन्युअलवर टाकला. आवाज बंद, तक्रार बंद, सगळे खूश. गळती शोधायला ४० हजार लागणार होते ते वाचले. हा स्विच १४ महिने मॅन्युअलवर होता, आणि त्या १४ महिन्यांत दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, आमच्याकडे फॉर्म बी आला की यंत्रणा चालू स्थितीत आहे. २००६ च्या महाराष्ट्र फायर कायद्यानुसार वर्षातून दोनदा लायसन्स असलेल्या एजन्सीकडून हे सर्टिफिकेट घ्यावं लागतं. घेतलं की, अगदी लॅमिनेट करून ऑफिसात लावलं. मी स्वतः खाली जाऊन पाहिलं तेव्हा डिझेल पंपाची बॅटरी डेड, होजरीलची चार पितळी नोझल चोरीला गेलेली आणि पॅनलचा बझर वाजू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी.

हे फक्त सोसायट्यांचं दुखणं आहे असं नाही. ९ जानेवारी २०२१ ला पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. मग राज्यभरच्या दवाखान्यांचं फायर ऑडिट करायचे आदेश निघाले. आपल्याकडे ऑडिटचा आदेश नेहमी दुर्घटनेनंतर निघतो, आणि ऑडिटनंतर दुरुस्तीला पैसे मिळाले का हे कोणी विचारायला जात नाही. बिल्डिंग बांधायला निधी मिळतो, उद्घाटनाला मंत्री येतात, कोनशिलेवर नाव लागतं. देखभालीला ना कोनशिला ना नाव.

लिफ्टकडे येऊ, कारण भांडणं सगळ्यात जास्त तिथे होतात. बिल्डिंगला १६ वर्षं झाली, कंपनी म्हणते या मॉडेलचे पार्ट आता बनत नाहीत, बदला. एका लिफ्टला १८ लाखाचं कोटेशन, सहा लिफ्ट म्हणजे एक कोटी आठ लाख, फ्लॅटमागे सरळ पन्नास हजार. एजीएममध्ये हा आकडा सांगितल्यावर जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही. मग आरडाओरडा, कमिटीने पैसे खाल्ले, कमिशन आहे वगैरे, नेहमीचंच.

पण मॉडेल बायलॉज, म्हणजे सोसायट्यांची नमुना नियमावली, काय सांगतात बघा. फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा पैसा, आणि किमान पाऊण टक्का दुरुस्ती-देखभाल फंड. जमिनीची किंमत धरायची नाही, फक्त बांधकाम. आमच्या फ्लॅटचा बांधकाम खर्च तेव्हा १५ लाख धरला तर सिंकिंग फंड वर्षाला ३,७५० होतो. म्हणजे महिन्याला ३१२ रुपये, दोघंजण एकदा थाळी खायला गेले तर एवढे जातात. पहिल्या दिवसापासून घेतले असते तर १६ वर्षांत फ्लॅटमागे ६० हजार जमले असते, व्याज वेगळं. लिफ्टचे पन्नास हजार त्यातून भागले असते आणि वर उरले असते. आम्ही घेतले किती? महिना पन्नास. कारण पहिल्या कमिटीने मेंटेनन्स कमी ठेवतो म्हणून निवडणूक जिंकली होती. त्या वेळच्या लोकांपैकी साठ-सत्तर जण फ्लॅट विकून बाणेर-बालेवाडीला गेले, चांगल्या भावाने विकले, आणि त्यांनी १० वर्षं वापरलेल्या लिफ्टचं बिल आता परवा रजिस्ट्रेशन केलेल्या पोरांना येतंय. मला यात खरी चीड येते. कमी मेंटेनन्स ही त्या लोकांनी मागे ठेवलेली उधारी होती.

पाण्याचं सांगितल्याशिवाय पिंपरी-चिंचवडमधला माणूस थांबूच शकत नाही. नोव्हेंबर २०१९ पासून आमच्याकडे महापालिकेचं पाणी एक दिवसाआड येतं, बाकी टँकर. आता हिशोब करा, माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी मापदंड, त्यातलं ४५ लिटर नुसतं फ्लशला जातं. २१६ घरं, घरटी चार माणसं, म्हणजे रोज जवळपास ३९ हजार लिटर चांगलं पाणी आपण संडासात ओततो. दहा हजाराचे चार टँकर! एसटीपी नीट चालला तर हेच पाणी शुद्ध करून फ्लशला परत वापरता येतं, पाईपलाईन बिल्डरने वेगळी टाकून दिलेलीच आहे. पण एसटीपी म्हणजे जिवंत गोष्ट असते, त्यात बॅक्टेरिया असतात, त्यांना हवा लागते, ती हवा ब्लोअर देतो, आणि ब्लोअरला वीज लागते. आमच्या एका उत्साही सेक्रेटरींनी लाईट बिल कमी करायला ब्लोअर रात्री बंद ठेवायला सांगितला. महिन्याला दहा-बारा हजार वाचले असतील. तीन आठवड्यांत बॅक्टेरिया मेले, वास सुटला, लोकांनी फ्लशच्या पाण्याची तक्रार केली, मग ते पाणी बंद करून टँकरचं सुरू केलं, आणि एप्रिलमध्ये टँकरचं बिल किती आलं ते इथे लिहीत नाही, सेक्रेटरी वाचत असतील. प्लांट उभा आहे, नुसता बंद आहे. आसपासच्या किती तरी सोसायट्यांत हीच अवस्था, महापालिका नोटिसा काढते आणि आम्ही नोटिशीला उत्तर लिहितो.

त्याच एसटीपीत गेल्या वर्षी एक प्रसंग झाला. कलेक्शन टँकमधला पंप अडकला. एजन्सीचा पोरगा आला, वीस-बावीसचा, पायात चप्पल, शर्ट काढून झाकणाच्या कडेला बसला आणि पाय आत सोडले. मी योगायोगाने खाली होतो. म्हटलं, अरे काय करतोयस? म्हणाला, साहेब दोन मिनिटांचं काम आहे, उतरतो नि साखळी लावतो. ना गॅस डिटेक्टर, ना दोर, ना मास्क. त्याच्या सुपरवायझरला फोन लावला तर तो वैतागला, मशीनने काढायचं तर पाच हजार वेगळे लागतील, तुमच्या रेटमध्ये बसत नाही. खरं बोलला बिचारा, आमच्या रेटमध्ये त्या पोराचा जीवच बसत होता. माणसाला असं उतरवायला हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीला एका खासगी सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये तीन कामगार गेले, त्यांच्या बायकांना भरपाईसाठी हायकोर्टात जावं लागलं, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने गटारमृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. आम्ही त्या दिवशी पाच हजार दिले. पुढच्या मीटिंगमध्ये एका सभासदाने विचारलं, हे पाच हजार कोणाच्या परवानगीने खर्च केले.

मग लोक म्हणतात टेक्नॉलॉजी आणा. आणली ना. गेटवर अॅप आहे, डिलिव्हरीवाला आला की फोन वाजतो, पाहुण्याचा फोटो निघतो, कामवाल्या मावशी कधी आल्या-गेल्या त्याची नोंद, वर त्यांना स्टार देता येतात. मावशींना विचारून त्यांचा फोटो आणि नंबर अॅपवर टाकला का, तर नाही. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला पण तो आपल्या गेटपर्यंत कधी पोचेल देव जाणे. माझा आक्षेप अॅपला नाही, अॅप सोयीचंच आहे. फक्त ज्या गोष्टी खरंच मोजायला हव्यात त्या अॅपवर नाहीत. मावशींना तीन स्टार देता येतात, एसटीपीला देता येत नाहीत. टाकीची लेव्हल, ब्लोअर किती तास चालला, फायर लाईनचं प्रेशर, लिफ्ट महिन्यात किती वेळा अडकली, हे दाखवणारे सेन्सर आता महाग राहिलेले नाहीत, हिंजवडीत आमच्याकडे हे सगळं एका स्क्रीनवर दिसतं. पण सोसायटीत अशा खर्चाला कोणी हात वर करत नाही. कारंजाला करतात.

आता समोरच्या बाजूचंही खरं आहे. आमच्याकडे पेन्शनवर जगणारी घरं आहेत, ईएमआयने दबलेली तरुण पोरं आहेत, सर्व्हिस चार्ज सगळ्यांना सारखा म्हणजे वन बीएचकेवाल्यालाही तेवढाच, त्याला पाचशे रुपये जास्तच लागतात. कमिट्यांवर लोकांचा विश्वास नाही याला कारणं आहेत, रंगकामात कमिशन खाल्लेल्या कमिट्या मी पण पाहिल्यात. वर सरकार, महिन्याचा मेंटेनन्स साडेसात हजाराच्या वर गेला आणि सोसायटीची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी लावतं. त्यामुळे पाचशे वाढवा म्हटल्यावर विरोध करणारा प्रत्येक माणूस कंजूष आहे असं मी म्हणणार नाही. पण मग प्रश्न वेगळा विचारा. आत्ताच्या २,८०० मध्ये काय काय होत नाहीये त्याची यादी मागा. ती यादी कोणत्याच एजीएममध्ये मांडली जात नाही, ताळेबंदात न केलेल्या कामाला रकाना नसतो.

मी कमिटीपुढे जे मांडलंय ते फार क्रांतिकारी नाही. कोटेशन मागवताना पगार, पीएफ, ईएसआय, सुट्टीचा माणूस हे सगळं आपणच ठरवून लिहायचं, तिथे स्पर्धाच नको, एजन्सीने फक्त स्वतःचा सर्व्हिस चार्ज आणि ट्रेनिंग-सुपरव्हिजन काय देणार ते भरायचं. चलन नाही तर बिल नाही. गार्ड आठ तासांचे. मला सांगायला आनंद होतो की यावर कमिटीत सहा विरुद्ध पाच मतांनी आम्ही हरलो, मागच्या वेळी नऊ-दोन होतं. दुसरं, एक शिकलेला, पगारी टेक्निकल माणूस ठेवायचा, आयटीआयचा असला तरी चालेल पण पंप रूममध्ये उतरणारा हवा, एक्सेल शीट पाठवणारा मॅनेजर नको. तीन-चार छोट्या सोसायट्यांनी मिळून एक ठेवला तरी परवडतो. सिंकिंग फंड मात्र बायलॉजप्रमाणे पूर्ण, त्यात घासाघीस नाही. १५ वर्षांवरच्या बिल्डिंगला दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या बिल्डिंगला दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट हेही त्याच बायलॉजमध्ये आहे, ते पण करायचंय. आणि सोसायट्यांवर देखरेख करणाऱ्या उपनिबंधक कार्यालयाने हिशोबाच्या ऑडिटसोबत यंत्रणेचा एक पानाचा अहवाल मागायला सुरुवात केली तर माझ्यासारख्याला कमिटीशी इतकं भांडावं लागणार नाही. त्यांना नवीन कायदा करायची गरज नाही, एक परिपत्रक पुरे.

पाचशेचा विषय पुढच्या मीटिंगला परत आहे. तोपर्यंत जुलैचा फॉर्म बी घ्यायचाय म्हणून परवा एजन्सीला फोन केला, सातव्या मजल्याची गळती काढलीये, बॅटरी नवीन टाकलीये, कधी येताय विचारलं. तो म्हणाला, साहेब यायची काय गरज, मागच्या वेळचे डिटेल्स आहेत आपल्याकडे, फी गुगल पे करा, सर्टिफिकेट व्हॉट्सअॅपवर पाठवतो. म्हटलं शनिवारी सकाळी ये, मी पंप रूममध्ये उभा राहतो, बाराव्या मजल्यावरून पाणी मारून दाखव. जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, त्याचे चार्जेस वेगळे पडतील.